शाळेच्या कर्जावर मतदान आलंय? आधी घरपट्टीचं बिल टेबलावर काढा

फेब्रुवारीत एका रविवारी पुतण्याचा फोन आला. बॉस्टनच्या पश्चिमेला त्याने आदल्या वर्षीच घर घेतलंय. "काकू, पोस्टाने एक कार्ड आलंय. नवी शाळा बांधायची म्हणून डेट एक्सक्लूजनवर मतदान आहे म्हणे. आमच्या गल्लीत निम्म्या अंगणांत 'येस'च्या पाट्या आणि निम्म्यांत 'नो'च्या. पण आमचं बिल नक्की किती वाढणार, ते एकही पाटी सांगत नाही."

मी म्हटलं, पाटी कशाला सांगेल? बिल काढ, कागद-पेन घे, तासभर मोकळा ठेव.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. हे सगळं मॅसॅच्युसेट्सपुरतं आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहत असाल तर नियम वेगळे, उगाच माझ्या भरवशावर जाऊ नका. माझी लायकी विचाराल तर दोन गोष्टी. माझे वडील दक्षिण महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेत कर विभागात होते. मार्चअखेर थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला जाणाऱ्या पथकात त्यांना जावं लागे, आणि रात्री घरी आल्यावर ते जेवत नसत. आणि मी इथे हिशेब लिहिण्याचं काम करते, शिवाय आमच्या टाउनच्या फायनान्स कमिटीवर सहा वर्षं होते. बिनपगारी, हिवाळ्यात दर बुधवारी रात्री, बरोबर थंडगार पिझ्झा.

अडीच टक्के कोणाचे?

पहिला गोंधळ इथेच होतो. माझाही झाला होता. प्रपोझिशन अडीच हा कायदा इथल्या मतदारांनी नोव्हेंबर 1980 मध्ये मतपेटीतून आणला. कॅलिफोर्नियात 1978 साली घरपट्टीविरुद्ध जे बंड झालं, त्याचीच ही पूर्वेकडची लाट. घर घेतल्यावर कोणीतरी मला सांगितलं, "घरपट्टी वर्षाला अडीच टक्क्यांच्या वर वाढूच शकत नाही." मी तसंच धरून चालले. दुसऱ्या वर्षी बिल त्याहून बरंच जास्त आलं, तेव्हा तावातावाने असेसरच्या, म्हणजे घरांची आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खिडकीशी गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे एक कागद पुढे सरकवला.

अडीच टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत. ते अख्ख्या गावाने मिळून भरायच्या एकूण कराचे. त्या रकमेला इथे लेव्ही म्हणतात. मागच्या वर्षीची मर्यादा, त्यावर अडीच टक्के, आणि वर नव्या बांधकामांतून आलेली भर, एवढीच या वर्षीची मर्यादा.

गणपतीच्या वर्गणीसारखं समजा. मंडळाचा खर्च ठरलेला आहे, आणि तो घराच्या किमतीप्रमाणे वाटायचा आहे. सगळ्यांच्याच घरांच्या किमती दहा टक्क्यांनी वाढल्या, तर तुमची वर्गणी तेवढ्याने वाढत नाही, दर खाली येतो. पण तुमचं घर पंधरा टक्क्यांनी वाढलं आणि गावाचं दहाने, तर तुमचा वाटा फुगतो. म्हणून "आमची आकारणी वाढली, म्हणजे टाउनने कर वाढवला" हे वाक्य सभेत उभं राहून म्हणू नका. मी म्हटलंय. मागच्या रांगेत लोक हसले होते.

तीन दारं

या मर्यादेच्या बाहेर जायचं तर मतदाराला विचारावंच लागतं. आपल्याकडे असं नाही. पुणे महापालिकेने 2017 साली पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, ते माझ्या आत्याला पेपर उघडल्यावर कळलं. इथे तुमच्या हातात मतपत्रिका येते. पण ती कोणत्या दाराची आहे, ते ओळखता यायला हवं.

ओव्हरराइड म्हणजे मर्यादाच कायमची वर उचलणं. शिक्षकांचे पगार, बसचा खर्च, अग्निशमन दल, अशा चालू खर्चासाठी. एकदा झालं की झालं, पुढच्या वर्षीचे अडीच टक्के त्या वाढलेल्या आकड्यावर लागतात. डेट एक्सक्लूजन म्हणजे एका विशिष्ट कर्जाचे हप्ते मर्यादेच्या बाहेर वसूल करायची परवानगी. कर्ज फिटलं की ती वसुली संपते. तिसरं कॅपिटल एक्सक्लूजन, एका वर्षापुरतं, सहसा फायरच्या गाडीसारख्या वस्तूंसाठी. शाळेच्या वादात ते क्वचितच येतं, सोडून द्या.

पहिल्या दोहोंतला फरक लोक विसरतात, आणि मग गावात कडाक्याची भांडणं होतात. न्यूटन शहरात 14 मार्च 2023 ला एकाच दिवशी तीन प्रश्न होते. कंट्रीसाइड आणि फ्रँकलिन या दोन प्राथमिक शाळांच्या इमारतींसाठी दोन डेट एक्सक्लूजन, आणि चालू खर्चासाठी एक ओव्हरराइड. मतदारांनी इमारतींना हो म्हटलं आणि ओव्हरराइडला नाही. दहा महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, तिथल्या शिक्षकांनी संप केला, शाळा अकरा दिवस बंद होत्या. संपाचं कारण ते मतदानच, असं मी म्हणणार नाही. पण भांडण पगाराच्या पैशांचं होतं, आणि विटांसाठी मंजूर झालेला डॉलर कायद्याने पगाराकडे वळवता येत नाही. बेलमाँट गावाचंही तसंच. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथे 295 मिलियन डॉलरच्या शाळा-इमारतीला भरघोस होकार मिळाला, आणि एप्रिल 2021 मध्ये 6.4 मिलियनचा ओव्हरराइड पडला. तीन वर्षांनी 8.4 मिलियनचा मागावा लागला, तेव्हा तो पास झाला.

यातून माझं एक मत तयार झालंय. इमारत दिसते, तिची रंगीत चित्रं सभेत दाखवता येतात. वाचनालयातल्या बाईंचा पगार चित्रात दाखवता येत नाही. म्हणून शाळेच्या कर्जाची सभा असली की मी पहिला प्रश्न हाच विचारते: ही इमारत उघडल्यावर ती चालवायला वर्षाला किती जास्त लागणार, आणि ते अडीच टक्क्यांच्या आत बसणार का? उत्तर "ते नंतर बघू" असं आलं, तर दोन-तीन वर्षांत ओव्हरराइड येणार हे डायरीत लिहून ठेवा.

मतपत्रिकेवर आकडा नसतो

हे ऐकून पुतण्या उडालाच. डेट एक्सक्लूजनच्या प्रश्नाचा मसुदा कायद्यातच ठरवून दिलेला आहे: अमुक कामासाठी काढलेल्या रोख्यांची परतफेड अडीचच्या तरतुदीतून वगळू द्यायची का? हो किंवा नाही. किती डॉलर, ते नाही. ओव्हरराइडच्या प्रश्नात रक्कम असते, यात नसते. तेव्हा आकडा तुम्हालाच शोधून काढावा लागतो.

कर्जाच्या मंजुरीला मतपेटीशिवाय आणखी एक पायरी असते. टाउन असेल तर टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावाच्या सभेत, शहर असेल तर सिटी कौन्सिलमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. मतपेटीत साधं बहुमत पुरतं. दोन्ही व्हायला हवं, एक झालं आणि दुसरं पडलं तर गाडी थांबते. टाउन मीटिंगच्या आधी छापली जाणारी विषयपत्रिका म्हणजे वॉरंट. त्यात सहसा कर्जाची पूर्ण रक्कम असते. ती ग्रंथालयात मिळते, क्लार्कच्या ऑफिसात मिळते. तीच आणा. शेजाऱ्याच्या फेसबुकवरचा आकडा नको.

आता त्या रकमेत राज्याचा वाटा किती ते बघा. शाळा बांधायला राज्याची एक संस्था आहे, मॅसॅच्युसेट्स स्कूल बिल्डिंग ऑथॉरिटी, लोक एमएसबीए म्हणतात. 2004 साली ती झाली. आधीच्या योजनेत शेकडो शाळा पैशांसाठी रांगेत ताटकळल्या होत्या. राज्याचा विक्रीकर 6.25 टक्के, त्यातला एक टक्का, म्हणजे खरेदीच्या डॉलरमागे एक सेंट, या संस्थेला मिळतो, म्हणजे तुम्ही टार्गेटमधून उशी घेतलीत तरी त्यातला एक कण कुठल्यातरी शाळेच्या छताला लागतो. ही संस्था मान्य खर्चाच्या 31 टक्क्यांपासून सुरुवात करते आणि गावाच्या आर्थिक स्थितीप्रमाणे जास्तीत जास्त 80 टक्क्यांपर्यंत जाते.

"मान्य खर्चाच्या" या दोन शब्दांवर बोट ठेवा. पोहण्याचा तलाव मान्य नाही. चौरस फुटामागे ठराविक मर्यादेच्या वरचा खर्च मान्य नाही. जागेच्या कामाचाही ठराविक हिस्साच धरतात. त्यामुळे सभेत सांगितलेली टक्केवारी आणि हातात पडणारी टक्केवारी यांत चांगलीच दरी असते. बेलमाँटला 295 मिलियनच्या कामात राज्याकडून मिळालेली मंजुरी सुमारे 80 मिलियनची होती. भागाकार करा, 27 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे कागदावरच्या किमान 31 पेक्षाही खाली. म्हणून विचारायचं ते असं: एकूण खर्चाच्या किती टक्के राज्य देणार? टक्केवारी सांगून थांबले, तर डॉलरमध्ये मागा.

आणि घाईचं कारणही समजून घ्या. एमएसबीएच्या बोर्डाने मंजुरी दिली की गावाला आपला वाटा मंजूर करून घ्यायला 120 दिवस मिळतात. "आत्ताच मतदान कशाला, पुढच्या वर्षी घ्या" म्हणणारे प्रत्येक गावात असतात. ते करता येतं, पण राज्याची मंजुरी तोवर टिकेल असं धरून चालू नका. होल्योक शहरात नोव्हेंबर 2019 मध्ये दोन नव्या मिडल स्कूलचं डेट एक्सक्लूजन मतदारांनी फेटाळलं. त्या शहराची ऐपत बेलमाँटसारखी नाही, राज्याचा वाटा तिथे कितीतरी मोठा होता, तरी लोकांना उरलेला भारही झेपेना. तिथल्या लोकांना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. नुसता कराचा दर बघून गाव गरीब की श्रीमंत ते कळत नाही, पगाराच्या मानाने हप्ता किती ते बघावं लागतं.

आता पेन घ्या

पुतण्याच्या गावाचे खरे आकडे इथे देत नाही, गणित कळावं म्हणून गोल आकडे घेते.

शाळा 120 मिलियनची. राज्य 30 देणार. गावाचं कर्ज 90 मिलियन. मुदत 30 वर्षं, व्याज 4 टक्के धरू. दरवर्षी सारखाच हप्ता ठेवला तर तो येतो वर्षाला साधारण 5.2 मिलियन. गावातल्या सगळ्या मालमत्तांची मिळून आकारणी 10 बिलियन असेल, तर दर हजार डॉलर किमतीमागे 52 सेंट. तुमचं घर आठ लाखांचं असेल तर 0.52 गुणिले 800, म्हणजे वर्षाला 416 डॉलर. बिल तिमाही येतं, म्हणजे दर वेळी 104.

बिलावर तुमच्या घराची आकारणी छापलेली असते, तीच घ्या. झिलोसारख्या घरविक्रीच्या वेबसाइटवरची किंमत घेऊ नका. आणि कार्डावर "सरासरी घराला अमुक डॉलर" असं लिहिलेलं असतं, ते सरासरी घर तुमचं नव्हे. ते कोणाचंच नसतं.

यापुढचा प्रश्न सभेत फारसं कोणी विचारत नाही, म्हणून जरा रेंगाळते. हप्ता सारखा ठेवणार की मुद्दल सारखं ठेवणार? वरच्या उदाहरणात मुद्दल सारखं ठेवलं तर दरवर्षी 3 मिलियन मुद्दल, आणि पहिल्या वर्षी त्यावर 3.6 मिलियन व्याज. म्हणजे पहिलं वर्ष 6.6 मिलियनचं, तुमच्या आठ लाखांच्या घराला 528 डॉलर. पुढे दरवर्षी उतरत शेवटच्या वर्षी 250 च्या आसपास. सारख्या हप्त्यात सुरुवात सोपी, पण एकूण व्याज जास्त: तीस वर्षांत 90 मिलियनच्या कर्जावर सुमारे 66 मिलियन व्याज. मुद्दल सारखं ठेवलं तर व्याज 56 मिलियनच्या आसपास. दहा मिलियनचा फरक आहे, आणि तो पडद्यावरच्या एका ओळीत दडलेला असतो. पंचाहत्तरीच्या आजींना पहिली दहा वर्षं जड जातात, तिशीतल्या जोडप्याला शेवटची दहा. दोघांचंही बरोबर. पण टाउनने कोणाच्या बाजूने कौल दिलाय, ते कळायला हवं.

हा सगळा भार पहिल्याच वर्षी येत नाही. बांधकाम चालू असताना टाउन थोड्या मुदतीचं कर्ज काढून पैसे उभे करतं, मग मोठे रोखे. पूर्ण हप्ता लागायला तीन-चार वर्षं जाऊ शकतात. म्हणून मतदानानंतरचं बिल बघून "एवढंच?" म्हणू नका.

आणि एक जुनी युक्ती. "काळजी नको, जुन्या शाळेचं कर्ज अमुक साली फिटतंय, त्याची जागा हे घेईल, तुम्हाला कळणारही नाही." यात खोटं काही नाही. पण तेही कर्ज मर्यादेबाहेरचं असेल, तर ते फिटल्यावर तुमचं बिल तेवढ्याने उतरणारच होतं. ती उतरण तुम्ही सोडताय. आनंदाने सोडा, पण सोडताय हे माहीत असू द्या.

नाही म्हटलं तर काय?

"नो"च्या पाटीवाल्यांना मी नेहमी हेच विचारते, चिडवायला नव्हे. नाही म्हटल्याने खर्च शून्य होत नाही. छप्पर गळतंय ते गळतंच. प्रकल्पाच्या अभ्यासात नुसत्या दुरुस्तीचा पर्याय असतो, त्याची किंमत अहवालात दिलेली असते, ती मागून घ्या. त्यात एक पाचर आहे: तीन वर्षांच्या आत दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या 30 टक्क्यांच्या वर गेला, तर अख्खी इमारत अपंगांसाठीच्या राज्याच्या नियमांप्रमाणे करावी लागते. रॅम्प, लिफ्ट, सगळी बाथरूम्स. म्हणून "नुसतं छप्पर आणि बॉयलर बदला" हे ऐकायला स्वस्त वाटतं, तितकं ते राहत नाही. आणि त्यात राज्याचा वाटा धरून चालू नका.

"येस"वाल्यांना माझा प्रश्न वेगळा. मुलांची संख्या किती धरलीय? कोणाच्या अंदाजाने? एमएसबीए स्वतःचा आकडा काढते आणि तेवढ्याच मुलांपुरते पैसे देते. गावाला जास्त वर्ग हवे असतील तर वरचा खर्च गावाचा.

मत नसलं तरी

पुतण्या एच-वन-बीवर आहे. कर भरतो, मत नाही. हे खुपतं, आणि आपल्यातल्या फार जणांची हीच गत आहे. पण घरी बसायचं कारण नाही. सार्वजनिक सुनावणीला कोणीही जाऊ शकतं. टाउन मीटिंगमध्ये मतदार नसलेल्यांची बसायची जागा वेगळी असते, आणि सभेने परवानगी दिली तर बोलताही येतं. फायनान्स कमिटीला मेल करता येते. मी सहा वर्षं त्या मेल वाचल्यात. "आम्ही तीव्र निषेध करतो" असल्या मेल आम्ही मोजायचो. "पान 14 वरच्या तक्त्यात व्याजदर किती धरलाय?" असल्या मेलला उत्तर शोधायला लागायचो. बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. एकच प्रश्न न्या, कागदावर लिहून. "मी इथे अमुक वर्षं राहतो, कर भरतो" एवढी ओळख पुरे. कुठून आलात ते सांगत बसलात तर त्यातच घंटा वाजते.

आणखी एक सभा असते, तिला काळं कुत्रं फिरकत नाही. शरद ऋतूत, करदर ठरण्याआधी, कराचा भार घरांवर किती आणि दुकानं-कारखान्यांवर किती, हे ठरवायची सुनावणी होते. शाळेचा हप्ताही त्याच वाटणीने तुमच्याकडे येतो. तिथे जाऊन बसा. खुर्ची नक्की मिळेल.

आकारणीच चुकीची वाटत असेल, म्हणजे बेडरूम चार दाखवलेत आणि आहेत तीन, तर हरकत घ्या. त्याला अबेटमेंट म्हणतात. तिमाही बिल येणाऱ्या गावात सहसा तारीख 1 फेब्रुवारी, कारण पहिलं पक्कं बिल तेव्हा देय असतं. मी एकदा "आधी भरून टाकू, मग बघू" म्हणत मार्च उजाडू दिला. गेलं ते वर्ष. वडील असते तर म्हणाले असते, हरकतीची मुदत आणि एसटीची वेळ, दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत.

घरात किंवा शेजारी पासष्टीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी वेगळ्या सवलती आहेत. असेसरकडे क्लॉज 41सीची सूट, क्लॉज 41एखाली कर पुढे ढकलण्याची सोय, आणि राज्याच्या आयकरात सर्किट ब्रेकर नावाचं क्रेडिट. वय, उत्पन्न, घराची किंमत यांच्या मर्यादा असतात आणि त्या गावागणिक, वर्षागणिक बदलतात, म्हणून आकडे इथे देत नाही. फोन करून विचारा. त्या खिडकीवरच्या बायका फार मदत करतात, तावातावाने गेला नाहीत तर.

पुतण्या सुनावणीला गेला. हप्ता सारखा की मुद्दल सारखं, तेवढंच विचारून खाली बसला. पुढे बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकाने कागद चाळले आणि "लेखी कळवतो" म्हणाले. आठवड्याने तक्ता आला, दोन्ही पर्यायांचा. त्याने तो छापून शेजारच्या आजींना नेऊन दिला. त्यांच्या अंगणात "नो"ची पाटी आहे. चहा झाला, आणि जाता जाता 41सीचा फॉर्म त्याच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, अक्षरं बारीक आहेत, तू भर. त्याने भरला. पाटी अजून तिथेच आहे.